अंगावर नसलेलं कापड

पुण्यात नव्या गृहप्रकल्पाची माहितीपुस्तिका उघडली की नकाशात स्वयंपाकघराला लागून ड्राय बाल्कनी हमखास सापडते. धुणं तिथेच वाळत पडणार, हे घेणाऱ्यालाही ठाऊक असतं आणि विकणाऱ्यालाही. तरी त्याच पुस्तिकेतल्या त्रिमितीय चित्रांत त्या बाल्कनीत साधी दोरीसुद्धा दिसत नाही. बेडरूमच्या चित्रात मात्र पलंगाच्या पायथ्याशी जाड विणीची शाल तिरकी टाकलेली असते आणि उघड्या कपाटात एकाच रंगाचे शर्ट सारख्या अंतरावर टांगलेले असतात. बाणेर असो, वाकड असो वा खराडी, शाल तीच आणि तिच्या चुण्याही त्याच, कारण ती तयार वस्तूंच्या कुठल्याशा परदेशी संग्रहातून उचललेली असते.

टापटीप घर लवकर विकलं जातं, हे यामागचं एक कारण. दुसरं कारण कलेतलं आहे आणि मला तेच अधिक खुपतं. माणसाच्या अंगावरचा कपडा संगणकात हुबेहूब उभा करणं आता बऱ्याच जणांना जमतं. खुंटीला अडकवलेला, खुर्चीवर टाकलेला, घडी करून ठेवलेला कपडा फार थोड्यांना जमतो. ज्या घरात असा एकही कपडा नीट पडलेला नाही, त्या घरात कोणी राहत असेल हे पाहणाऱ्याला पटत नाही, मग भिंती आणि उजेड कितीही खरे असोत.

या विद्येची सुरुवात न घातलेल्या कापडापासूनच झाली होती. १९८६ मध्ये जेरी वाइल यांनी काही बिंदूंना अडकवून सोडलेल्या कापडाचा झोळ गणिताने काढून दाखवला. १९९४ मध्ये डेव्हिड ब्रीन, डॉनल्ड हाउस आणि मायकेल वॉझ्नी यांनी विणलेलं कापड कसं पडेल, हे कणांच्या जाळ्यातून वर्तवलं. मग चित्रपटांनी हा विषय उचलला. पिक्सारच्या १९९७ च्या ‘गेरीज गेम’मधल्या आजोबांचा कोट, १९९८ चा डेव्हिड बराफ आणि अँड्र्यू विटकिन यांचा कापडावरचा शोधनिबंध, २००१ च्या ‘मॉन्स्टर्स, इंक.’मधल्या चिमुरड्या बूचा ढगळ टी-शर्ट. सगळं लक्ष हलत्या शरीराकडे गेलं. पडद्यावर शरीरच तर दिसतं, तेव्हा ते साहजिक होतं. पण पुढे हाताशी आलेली साधनंही शरीर गृहीत धरूनच घडली.

आज सर्वाधिक वापरलं जाणारं मार्व्हलस डिझायनर हे साधन शिंप्याच्या पद्धतीने चालतं. बेतलेले तुकडे पुतळ्याभोवती मांडायचे, शिवणी जोडायच्या, की कपडा अंगावर बसतो. पुतळा काढून घेतला की तोच शर्ट जमिनीवर कोसळतो आणि सगळीकडून सारखाच चुरगळतो. खऱ्या शर्टाचं तसं होत नाही. कॉलरमध्ये बकरम असतं, बटणपट्टी दुहेरी असते, शिवणीपाशी कापडाचे तीन-चार थर एकावर एक आलेले असतात. त्यामुळे खुर्चीवर फेकलेल्या शर्टाची कॉलर ताठ राहते, कफ आपला गोल आकार सोडत नाही आणि मधलं अंग तेवढं बसतं. हा फरक हाताने भरावा लागतो, आणि घाईच्या कामात तो भरला जात नाही. शिवाय या साधनात कापडाच्या कणांमधलं अंतर सुरुवातीला २० मिलिमीटर धरलेलं असतं. बाही वर सारल्यावर कोपरापाशी पडणारी चुणी त्याहून बारीक असते, म्हणजे ती तिथे पडूच शकत नाही. अंतर ५ मिलिमीटरवर आणलं तर कण सोळापट होतात आणि संगणक अडखळतो. पुष्कळ जण तिथेच तडजोड करतात आणि मग कापड रबरासारखं दिसतं.

घडी हे याहून अवघड प्रकरण आहे. सुती साडीची घडी जरा जवळून पाहा. साधारण साडेपाच मीटरचं कापड दुमडत गेलं की आतल्या दुमडीला धार येते आणि बाहेरच्या दुमडीला गोलाई, कारण बाहेरच्या थराला आतल्या सगळ्या थरांभोवती वळसा घ्यावा लागतो. काठ अंगापेक्षा जाड असेल तर त्या बाजूने घडी उंच होते आणि थप्पी कलते. तळातल्या साड्या दबून चपट्या होतात, वरची मात्र फुगलेली राहते. लक्ष्मी रस्त्यावरच्या कुठल्याही दुकानात, गादीवर बसलेला विक्रेता मधलीच साडी ओढून काढतो तेव्हा बाकीच्या थप्पीत हे सगळं दिसतं. संगणकातली थप्पी बहुधा ठोकळ्यावर रेघा काढून केलेली असते. खरोखर घडी घालायला गेलं तर एकावर एक आलेले थर परस्परांत घुसतात, थरथरतात, कधी फुटून उधळतात. म्हणून जाणते कलाकार घडी हाताने घडवतात. फुकट मिळणाऱ्या ब्लेंडर या त्रिमितीय साधनात २०२० च्या २.८३ आवृत्तीपासून कापड ढकलण्या-ओढण्याचा ब्रश आला. माझ्या मते न घातलेल्या कपड्याच्या दृष्टीने गेल्या काही वर्षांतली ही सर्वांत मोलाची भर आहे, कारण टाकलेल्या कपड्याला आकार गुरुत्वाकर्षणाइतकाच टाकणाऱ्याच्या हाताने येतो.

मूळ अडचण मात्र याच्याही खाली आहे. वाकवलेलं कापड सोडून दिलं तरी पहिल्यासारखं सरळ होत नाही. धाग्याधाग्यांत घर्षण असतं. जपानच्या सुएओ कावाबाता यांनी १९७० च्या दशकात कापडाचे गुण मोजणारी यंत्रं तयार केली, त्यांत वाकवतानाची आणि परततानाची रेघ वेगवेगळी येते. एडर मिगेल आणि सहकाऱ्यांनी २०१३ मध्ये हे अंतर्गत घर्षण संगणकातल्या कापडात आणण्याची रीत मांडली. रोजच्या कामातलं कापड तरीही बहुतेक वेळा स्प्रिंगसारखंच वागतं. त्याला काल काय घडलं ते ठाऊक नसतं. दोरीवरच्या साडीवर आदल्या घडीच्या उभ्या-आडव्या रेघा असतात, त्यांच्यावर पिळल्याच्या तिरक्या चुण्या असतात, झटकल्यामुळे मधला भाग साफ झालेला असतो. पाणी खालच्या काठाकडे उतरतं, तो काठ जड होऊन ताणला जातो आणि शेवटी वाळतो. चिमट्यापाशी कापड चिमटलेलं राहतं. एका कोपऱ्याने अडकवलेला पंचा वेगळाच पडतो, कारण तिथे वजन उरेब दिशेने येतं आणि विणलेलं कापड त्या दिशेलाच सर्वांत सैल असतं. शिवाय उन्हात ते कापड अर्धपारदर्शक होतं. मागचा उजेड आरपार आला नाही तर चुण्या कितीही बरोबर असोत, समोर पुठ्ठाच दिसतो.

छायाचित्रांवरून त्रिमितीय आकार उभा करण्याची पद्धत हा एक जवळचा मार्ग. खुर्चीवर टॉवेल टाकायचा आणि चहूबाजूंनी फोटो काढायचे. चुण्या अस्सल मिळतात. पण पातळ कडा जाड होतात, आतली बाजू हरवते आणि तो टॉवेल दुसऱ्या खुर्चीवर टाकता येत नाही. दूरच्या वस्तूंसाठी मी ही पद्धत जरूर स्वीकारेन, जवळच्यासाठी नाही.

पुण्यात हे काम करणारी मंडळी कमी नाहीत. २०१२ मध्ये प्रदर्शित झालेला ‘दिल्ली सफारी’ हा पूर्ण लांबीचा अ‍ॅनिमेशनपट इथल्याच क्रेयॉन पिक्चर्सने केला; त्यातली मुख्य पात्रं प्राणी, त्यामुळे वस्त्रांचा प्रश्न फारसा आला नाही. वास्तुचित्रणात तो रोज येतो आणि रोज टाळला जातो. संग्रहालयांकडूनही थोडीच मदत होईल. जुनी वस्त्रं जपायची तर ती सपाट किंवा आधारावरच मांडावी लागतात. त्यांतून वीण कळते, पडण कळत नाही. खरी तयारी चित्रकलेच्या वर्गात होते. महाराष्ट्रात इंटरमिजिएटला बसलेल्या मुलाने स्थिरचित्रात मागे सोडलेल्या कापडाशी झुंज घेतलेली असते, आणि अभिनव कला महाविद्यालयासारख्या संस्थेतून आलेल्याचा हात त्यात पुढे गेलेला असतो. संगणकाच्या वर्गात हाच अभ्यास पहिल्या आठवड्यात बाजूला पडतो, हे मला मोठं नुकसान वाटतं.

तिथे तो परत आणता येईल, आणि मोजमापासह आणता येईल. एफ. टी. पीअर्स यांनी १९३० मध्ये कापडाचा ताठपणा मोजण्याची जी सोपी रीत दिली, तिला टेबल पुरतं. कापडाची पट्टी कडेबाहेर सरकवत न्यायची. टेबलाची कड आणि पट्टीचं टोक जोडणारी रेघ आडव्या पातळीखाली ४१.५ अंशांवर आली की थांबायचं. बाहेर आलेल्या लांबीचा निम्मा आकडा हे त्या कापडाचं माप. मांजरपाट, खादी, इरकल, खण, नारायणपेठ, टेरिकॉट यांच्या पट्ट्या उभ्या, आडव्या आणि उरेब कापून मोजल्या तर एका सत्रात आपल्या घरांतल्या कापडांचा तक्ता तयार होईल. खादी मात्र दोनदा मोजावी लागेल, एकदा खळ घालून आणि एकदा साधी धुऊन. काठ अंगापासून वेगळा काढून मोजावा लागेल, आणि ओल्या कापडाचे आकडे निराळ्या रकान्यात लिहावे लागतील.