हसलं कोण आणि कशाला?

पडद्यावर माणूस मरतो आणि अंधारात कोणीतरी फिस्सकन हसतं. मग आपण "काय ही आजकालची मुलं!" म्हणून मोकळे होतो. मला वाटतं, हसणाऱ्याला दटावण्याआधी तो कशाला हसला हे पाहावं. त्यातून प्रेक्षक कळतो, आणि बऱ्याचदा चित्रपटही कळतो.

बे एरियातल्या जुन्या मंडळींना १९९४ सालचं ओकलंडचं प्रकरण आठवत असेल. १७ जानेवारीला, मार्टिन ल्यूथर किंग दिनाच्या सुट्टीत, कॅसलमाँट हायस्कूलची सुमारे ७० मुलं ग्रँड लेक थिएटरात 'शिंडलर्स लिस्ट' पाहायला आली होती. छळछावणीत एका ज्यू बाईला गोळी घातली जाते त्या प्रसंगाला काही मुलं हसली. इतर प्रेक्षकांनी तक्रार केली, चित्रपट थांबवला गेला आणि सगळ्या मुलांना बाहेर काढलं. बातमी देशभर गाजली. एप्रिलमध्ये खुद्द स्पीलबर्ग त्या शाळेत जाऊन मुलांशी बोलले.

ही मुलं बहुतांशी कृष्णवर्णीय, आणि त्यांच्या वस्तीत पिस्तुलाची गोळी ही काही पडद्यावरची गोष्ट नव्हती. गोळी लागल्यावर माणूस असा पडत नाही, ते खोटं वाटलं, असं त्यांच्यापैकी काहींचं म्हणणं होतं. हा खुलासा सर्वांना पटणार नाही. पण 'ही मुलं निर्दय आहेत' या निदानापेक्षा तो मला जास्त विचार करायला लावतो. मृत्यू फार जवळून पाहिलेला माणूस पडद्यावरच्या मृत्यूला हसून दूर सारतो, हे अशक्य नाही.

आता तो प्रसंगच पहा. ती बाई इंजिनिअर आहे. बराकीचा पाया चुकलाय, पाडून पुन्हा बांधा, असं ती सांगते. कमांडंट गोएट तिला गोळी घालायला लावतो आणि लगेच हुकूम सोडतो, की ती म्हणाली तसंच करा. या प्रसंगाची बांधणी विनोदाची आहे : आधी अपेक्षा निर्माण करायची, मग शेवटच्या वाक्याला कलाटणी द्यायची. स्पीलबर्गने ती जाणूनबुजून वापरली, कारण त्या राजवटीतला विक्षिप्तपणा दाखवायचा तर तीच योग्य होती. पण असा प्रसंग हसू आणि शहारा यांच्या सीमेवर उभा असतो. पूर्वतयारी नसलेलं पोर पलीकडे घसरलं, तर सगळा दोष पोराचाच म्हणता येत नाही.

याच्या उलट टोकाला नागराज मंजुळे यांचा 'फँड्री' (२०१३). आमच्याकडे एका भाड्याच्या हॉलमध्ये तो दाखवला, तेव्हा डुकरं पकडण्याच्या लांबलचक प्रसंगात चांगलाच हशा पिकला. जब्याचं कुटुंब चिखलातून धावतंय, डुक्कर निसटतंय, मध्येच शाळेत राष्ट्रगीत सुरू होतं म्हणून सगळे ताठ उभे आणि डुक्कर पसार. मुलं हसली, मोठेही हसले. मंजुळे हसू येऊ देतात, कारण पडद्यावरही गाव काठावर बसून हसतंय. हळूहळू लक्षात येतं की आपण त्याच गर्दीत बसलोय. मग जब्याचा धीर सुटतो आणि शेवटचा दगड थेट आपल्या दिशेने येतो. हॉल एकदम चिडीचूप झाला.

माझ्या मते इथे मंजुळे स्पीलबर्गच्या एक पाऊल पुढे जातात. स्पीलबर्गच्या प्रसंगात हसू हा अपघात आहे. मंजुळे तेच हसू पकडून आपल्यापुढे धरतात. मात्र या युक्तीला एक अट आहे. हसणाऱ्याला जात म्हणजे काय हे ठाऊक हवं. न्यू जर्सीत वाढलेली आपली मुलं डुकराला हसली. पण कैकाडी कुटुंबाला डुकरं पकडायला का जावं लागतं, हे माहीत असूनही जे हसले, त्यांचं काय? मुलांना "श्शऽऽ" करणाऱ्यांत हीच मंडळी पुढे होती.

म्हणून मंडळांच्या कार्यकारिणींना एक सुचवतो. असे चित्रपट मुलांपासून लपवू नका. सुरुवातीला १० मिनिटं द्या, गाव कुठलं, माणसं कोण, हे सांगा. संपल्यावर दिवे लागताच चहा-समोशांच्या रांगेकडे धावू नका. एखाद्या मुलाने "ते सगळे हसत का होते?" असं विचारलं तर त्याला उत्तर द्यायला कोणीतरी मोठं माणूस जागेवर बसलेलं असावं.