कॅच क्रॉप आणि नत्राचे निक्षालन : डेन्मार्कच्या धोरणाची चिकित्सा

मुख्य पिकाच्या काढणीनंतर जमिनीत उरलेला नत्र पावसाबरोबर भूजलात उतरण्याच्या क्रियेस निक्षालन म्हणतात. तो नत्र मुळांनी शोषून अडविण्यासाठी जे पीक घेतले जाते ते कॅच क्रॉप. भारतीय कृषिविद्येच्या पाठ्यपुस्तकांत मात्र हीच संज्ञा मुख्य पीक हातचे गेल्यावर घ्यावयाच्या अल्पमुदतीच्या पिकासाठी येते. त्यामुळे आपल्याकडील चर्चेत कॅच क्रॉप, आच्छादन पीक आणि ताग-धैंचाचे हिरवळीचे खत यांची सरमिसळ होते. वास्तविक ताग हा द्विदल वर्गातील असल्याने हवेतील नत्र जमिनीत आणतो. नत्र अडविण्याच्या कामी तो दुय्यमच ठरतो.

या उपायाला कायद्याचे बळ देणारा देश म्हणजे डेन्मार्क. १९८६ मध्ये कॅटेगाट समुद्रात प्राणवायूअभावी मेलेले शेवंडे दूरचित्रवाणीवर दिसले आणि १९८७ च्या जलपर्यावरण योजनेने नत्राचा भार निम्म्यावर आणण्याचे उद्दिष्ट ठेवले. पिण्याचे पाणी जवळजवळ संपूर्णपणे भूजलातून घेणाऱ्या या देशात प्रश्न केवळ माशांचा नव्हता. १९९८ च्या दुसऱ्या योजनेत ६ टक्के क्षेत्रावर कॅच क्रॉप अनिवार्य झाले. पुढे शेणखताच्या वापरानुसार हे प्रमाण १० व १४ टक्के झाले.

येथेच आक्षेपाला जागा आहे. नायट्रेटचा आयन ऋणभारित असल्याने चिकणमातीचे कण त्यास धरून ठेवत नाहीत. शरद ऋतूत खनिजीकरण चालू असते आणि हिवाळ्यात पाऊस बाष्पीभवनापेक्षा अधिक पडतो. म्हणजे निर्णायक ठरतात पेरणीची तारीख, मुळांची खोली आणि जमिनीचा पोत. चाऱ्याचा मुळा रायगवतापेक्षा बराच खोल जातो. उशिरा पेरल्यास तोही निष्प्रभ. तरीही नियमाने मोजले ते प्रामुख्याने क्षेत्र. पेरणीसाठी २० ऑगस्ट आणि पीक मोडण्यासाठी २० ऑक्टोबरपूर्वी नाही, अशा मुदती होत्या खऱ्या. परंतु ऑक्टोबरात गाडलेले कोवळे, नत्रयुक्त पीक उबदार हिवाळ्यात लगेच कुजू लागते आणि अडविलेला नत्र पुन्हा सुटतो. वाळूच्या आणि चिकण जमिनीतील हेक्टर एकाच मापाने मोजणे शास्त्रीय नव्हते. २०१७ नंतर किनारी पाणलोटांच्या गरजेनुसार लक्ष्यित कॅच क्रॉपकडे झालेली वाटचाल ही या त्रुटीची अप्रत्यक्ष कबुलीच म्हणावी लागेल.

एका बाबतीत मात्र डॅनिश नियम दूरदर्शी होता. कॅच क्रॉप गाडल्यावर मिळणारा नत्र पुढील खताच्या कोट्यातून वजा केला जाई. ही वजावट नसेल, तर वर्षानुवर्षे साठलेला सेंद्रिय नत्र खनिज होऊन निक्षालन पुन्हा वाढण्याचा धोका असतो. कॅच क्रॉपचा पुरस्कार करणारे लेखन या हिशेबाबाबत सहसा मौन बाळगते, हे खटकते.

महाराष्ट्रात हा उपाय जसाच्या तसा सुचविणे धाडसाचे होईल. येथील बहुतांश पाऊस जून ते सप्टेंबरात, खरिपाचे पीक उभे असताना पडतो. काढणीनंतरच्या कोरड्या शेतात अडविण्याजोगा प्रवाहच नसतो, आणि जी ओल उरते ती रब्बीला हवी असते. खरा धोका पहिल्या पावसाचा. उन्हाळाभर तापलेली जमीन भिजताच खनिजीकरण वेगाने होते, आणि त्या वेळी पिकाचे नुकते अंकुर फुटलेले असतात. त्या काही आठवड्यांत नत्र अडविणारे दुसरे पीक जमिनीत असू शकत नाही. तेव्हा आपल्याकडील विचार पेरणीबरोबर एकदम दिल्या जाणाऱ्या युरियाच्या हप्त्यापासून सुरू व्हावयास हवा.