नोंद, कोष्टक आणि मधला दुभाषी : डॉक्युमेंट डेटाबेसच्या जोडणीविषयी एक विवेचन

शब्दकोशाचे अथवा बोलीपाहणीचे काम करणाऱ्या अभ्यासकाला आज दोन भिन्न प्रकृतीच्या साधनांचा आश्रय घ्यावा लागतो. जमविलेली सामग्री ठेवण्यासाठी तो मोंगोडीबीसारखा डॉक्युमेंट डेटाबेस वापरतो. तिची मोजदाद करण्यासाठी आणि आलेख व नकाशे काढण्यासाठी टॅब्लो डेस्कटॉपसारखी प्रणाली आपल्या संगणकावर उघडतो. या दोहोंना जोडणारा दुवा म्हणजे एक लहानसा प्लगइन. ‘टॅको’ या प्रकारची एक फाइल टॅब्लोच्या नेमलेल्या फोल्डरमध्ये ठेवावी, सोबतचा जेडीबीसी ड्रायव्हर त्याच्या जागी ठेवावा, डेटाबेसचा पत्ता व पासवर्ड द्यावा, की जोडणी झाली. काम इतके सोपे असल्यामुळे त्यात विचार करण्यासारखे काही आहे, हे पुष्कळदा ध्यानात येत नाही. जोडणी झाली म्हणजे सामग्री जशीच्या तशी पलीकडे पोहोचली, अशी आपली समजूत होते. ही समजूत कितपत खरी आहे, याची तपासणी करणे हा प्रस्तुत लेखाचा हेतू आहे.

प्रथम दोन्ही साधनांची प्रकृती पाहू. मोंगोडीबीत ज्याला ‘डॉक्युमेंट’ म्हणतात, त्याला येथे आपण ‘नोंद’ म्हणू. नोंदीच्या पोटात दुसरी नोंद असू शकते, याद्या असू शकतात, आणि एका नोंदीत असलेले अंग दुसऱ्या नोंदीत मुळीच नसले तरी चालते. कोशातील शब्दनोंदीचा घाट नेमका असाच असतो. एका शब्दाखाली अर्थ अनेक, प्रत्येक अर्थाखाली उदाहरणे कमीअधिक, आणि व्युत्पत्ती कोठे दिलेली, कोठे न दिलेली. मोल्सवर्थच्या १८५७ च्या आवृत्तीचे कोणतेही पान उघडले, तरी ही रचना दिसेल. कोष्टकाची प्रकृती याहून निराळी. त्यात ओळी व रकाने असतात. प्रत्येक ओळीला सारखेच रकाने, आणि प्रत्येक घरात एकच मूल्य. टॅब्लोला ही दुसरी भाषा कळते. म्हणून मधला प्लगइन आणि त्याच्यामागची एसक्यूएल यंत्रणा यांना दुभाष्याचे काम करावे लागते; आणि दुभाषी आला म्हणजे अर्थनिर्णय आला, हे भाषेच्या अभ्यासकास निराळे सांगावयास नको.

या अर्थनिर्णयाचे स्वरूप एका कल्पित उदाहरणाने स्पष्ट होईल. एका संग्रहात तीनच नोंदी आहेत असे समजू. पहिली ‘पान’ या शब्दाची. तिच्यात अर्थांची यादी चार अर्थांची आहे : झाडाचे पान, पुस्तकाचे पृष्ठ, विड्याचे पान आणि पंगतीत मांडलेले ताट. दुसरी ‘घर’ या शब्दाची; तिच्यात राहण्याची जागा आणि सोंगट्यांच्या पटावरील चौकोन असे दोन अर्थ आहेत. तिसरा शब्द एका वृद्ध निवेदकाच्या तोंडून ऐकलेला. त्याचा अर्थ अद्याप निश्चित झालेला नाही, म्हणून त्याची अर्थांची यादी रिकामी आहे. संग्रहित संभाषणांत हे शब्द अनुक्रमे १२०, २०० व ७ वेळा आले, असेही प्रत्येक नोंदीत लिहिलेले आहे. एकूण शब्द ३, एकूण प्रयोग ३२७.

आता ‘ॲटलस एसक्यूएल’ या जोडणीतून हा संग्रह टॅब्लोत आणू. यादी उलगडून तिच्या ओळी करणारी ‘अनवाइंड’ ही क्रिया अर्थांच्या यादीवर चालविली, की ‘पान’च्या चार ओळी होतात, ‘घर’च्या दोन, आणि तिसऱ्या शब्दाची एकही होत नाही. कारण रिकाम्या यादीची नोंद वगळावयाची, हा या क्रियेचा मूळ ठराव आहे. प्रयोगांचा आकडा मात्र प्रत्येक ओळीत पुन्हा लिहिला जातो. बेरीज केली तर ४८० आणि ४०० मिळून ८८० येते. तीन शब्दांच्या संग्रहातून एक शब्द नाहीसा झाला, उरलेल्या दोहोंचे प्रयोग पावणेतीन पटींनी वाढले, आणि प्रणालीने चुकीची एकही सूचना दिली नाही. कारण तिच्या दृष्टीने चूक काही झालेलीच नाही.

याहून गंभीर प्रकार दोन याद्या एकदम उलगडल्या असता घडतो. ‘पान’च्या नोंदीत हा शब्द ज्या तीन गावी ऐकला, त्यांचीही एक यादी आहे असे समजू. कोणता अर्थ कोणत्या गावी ऐकला, हे नोंदीत लिहिलेले नाही. पाहणी करणाऱ्याने ते विचारलेच नव्हते. अर्थ आणि गावे या दोन्ही याद्या एकाच कोष्टकात उलगडल्या, की चार गुणिले तीन अशा बारा ओळी तयार होतात. प्रत्येक अर्थ प्रत्येक गावी आढळला, असे त्या ओळी सांगतात. मग विद्यार्थी ‘पंगतीतील ताट’ या अर्थाचा नकाशा काढतो, आणि त्यावर तीन ठिपके उमटतात. हे विधान कोणा निवेदकाने केलेले नाही व कोणा अभ्यासकाने नोंदविलेले नाही. ते उलगडण्याच्या क्रियेतून जन्माला आले, आणि नकाशावर त्याला पुराव्याची प्रतिष्ठा मिळाली.

तिसरा प्रश्न अभावाचा. मूळ डेटाबेसमध्ये ‘व्युत्पत्ती’ हे अंगच नसणे आणि ते अंग असून त्याचे मूल्य ‘नल’ असणे, या दोन वेगळ्या स्थिती आहेत. अभ्यासक पहिलीचा उपयोग ‘शोध घेतलेला नाही’ यासाठी आणि दुसरीचा ‘शोध घेतला, परंतु सापडली नाही’ यासाठी करू शकतो. टॅब्लोच्या कोष्टकात दोहोंच्या जागी एकच ‘नल’ दिसतो. अज्ञान आणि शोधांती आलेले अपयश यांतील भेद पुसला जातो. कोशकाराच्या दृष्टीने ही हानी सामान्य नव्हे.

यावरून कोष्टक ही रचनाच भाषेच्या सामग्रीला अपात्र आहे, असा निष्कर्ष कोणी काढील. तो बरोबर ठरणार नाही. एडगर कॉड यांनी १९७० साली संबंधाधिष्ठित रचनेचा जो प्रबंध प्रसिद्ध केला, त्यात नोंदीच्या पोटातील याद्यांचा प्रश्न समोर ठेवलेला आहे. त्यांचे उदाहरण कर्मचाऱ्याचे आहे : एका कर्मचाऱ्याच्या नोंदीत त्याच्या कामांचा इतिहास आणि मुले, व कामांच्या इतिहासात पुन्हा वेतनाचा इतिहास. या प्रत्येक यादीचा स्वतंत्र संबंध करावा आणि वरच्या नोंदीची ओळखखूण तिच्यासोबत न्यावी, हे त्यांचे उत्तर. या रीतीने शब्दांचे एक कोष्टक, अर्थांचे दुसरे, गावांचे तिसरे होते. काही हरवत नाही आणि खोटा गुणाकारही होत नाही. तेव्हा दोष कोष्टकाचा नसून सर्व याद्या एकाच सपाट कोष्टकात ओढून आणण्याच्या सवयीचा आहे.

या निकषावर मोंगोडीबीच्या दोन जोडण्यांची तुलना उद्बोधक ठरते. २०१५ साली आलेला ‘कनेक्टर फॉर बीआय’ प्रत्येक यादीचे वेगळे कोष्टक स्वतःच तयार करी, त्यात मूळ नोंदीची ओळखखूण ठेवी, आणि यादीतील क्रमासाठी निराळा रकाना देई. या बाबतीत तो कॉड यांच्या मार्गाने जाणारा होता. त्याचा दोष दुसरीकडे होता. कोणते रकाने असावेत हे तो नमुन्यावरून ठरवी, आणि मूळ ठरावानुसार प्रत्येक संग्रहातील १००० नोंदींचाच नमुना घेई. हजारांत न सापडलेल्या विरळ अंगाला कोष्टकात रकानाच मिळत नसे. व्यापाराच्या हिशेबाला हे चालेल. परंतु एखाद्या बोलीतील विरळ उच्चारविशेष हाच ज्याच्या शोधाचा विषय, त्याच्या हातून नेमके तेच निसटावयाचे. नंतरच्या ‘ॲटलस एसक्यूएल’ने उलगडण्याचा निर्णय वापरणाऱ्याच्या हाती दिला. रिकाम्या याद्या राखण्यासाठी ‘आउटर’, क्रम टिकविण्यासाठी ‘इंडेक्स’, अशा सोयीही दिल्या. साधन अधिक समर्थ झाले खरे, परंतु काही न सांगितल्यास ते वगळण्याच्या बाजूने झुकते. मागितल्याशिवाय सावधगिरी न देणारे साधन नवशिक्याच्या हाती धोक्याचे असते, अशी टीका त्यावर करावी लागते.

प्लगइनच्या बाजूनेही दोन शब्द सांगणे न्यायाचे होईल. या दोन्ही जोडण्या केवळ वाचण्यापुरत्या आहेत. त्यांच्यामुळे मूळ संग्रहास धक्का लागत नाही. नोंदीच्या पोटात यादी नसून एकच उपनोंद असेल, तर ती ‘फ्लॅटन’ने सपाट केल्याने अर्थहानी होत नाही. शिवाय ज्या विद्यार्थ्याला प्रोग्रॅमिंग येत नाही, त्याच्यापुढे हजारो नोंदी क्षणात मांडल्या जातात, हा लाभ थोडा नाही. म्हणून ही साधने टाकून द्यावीत असे प्रस्तुत लेखकाचे म्हणणे नाही. दुभाष्याची परीक्षा घेऊन मग त्याचे ऐकावे, इतकेच म्हणणे आहे.

ती परीक्षा कठीण नाही. मूळ डेटाबेसमध्ये नोंदी किती आहेत ते आधी मोजावे, आणि टॅब्लोत ओळी न मोजता निरनिराळ्या ओळखखुणा मोजाव्यात. दोन आकडे जुळले नाहीत तर पुढे जाऊ नये. एका कोष्टकात एकच यादी उलगडावी. याद्या दोन असतील तर कोष्टकेही दोन करावीत, आणि टॅब्लोच्या २०२०.२ या आवृत्तीपासून उपलब्ध असलेल्या ‘रिलेशनशिप’ या सोयीने ती जोडावीत. तेथे प्रत्येक कोष्टकाची पातळी वेगळी राखली जाते व बेरीज फुगत नाही. ‘शोध घेतलेला नाही’ आणि ‘सापडली नाही’ हा भेद अभावावर न सोपविता नोंदीतच शब्दांनी लिहावा.

शेवटी एक सूचना प्रबंधलेखकांसाठी. सामग्री कोणत्या गावी, कोणाकडून, केव्हा मिळविली, हे आपण प्रबंधात कसोशीने सांगतो. ती कोणत्या जोडणीतून, कोणत्या याद्या कशा उलगडून कोष्टकात आली, याविषयी मात्र मौन पाळतो. निवेदक आणि अभ्यासक यांच्यामध्ये दुभाषी बसला असता, तर त्याचा उल्लेख केल्यावाचून आपण पुढे गेलो नसतो. डेटाबेस आणि नकाशा यांच्यामधील दुभाष्याचाही तसाच उल्लेख झाला पाहिजे. तो नसेल, तर परीक्षकाने निष्कर्षांच्या प्रकरणाकडे वळण्यापूर्वी ओळींची संख्या विचारावी.