शब्दांचे नाते आणि वाक्यांचे नाते : आर्मेनियन, स्वाहिली आणि कुपवाडची मराठी

आर्मेनियन आणि स्वाहिली या दोन भाषा परस्परांच्या कोणी नव्हेत. पहिली इंडो-युरोपीय कुलातील, म्हणजे दूरान्वयाने मराठीच्याच गोत्रातील. दुसरी पूर्व आफ्रिकेच्या किनाऱ्यावर वाढलेली बांटू भाषा. तरीही दोघींना एकत्र ठेवून पाहिल्यास भाषाभ्यासातील एक जुना प्रमाद स्पष्ट होतो. हा प्रमाद म्हणजे शब्दसंग्रहावरून भाषेचे कुल ठरविणे.

आर्मेनियनमध्ये इराणी शब्दांचा भरणा इतका मोठा आहे की, एकोणिसाव्या शतकात दीर्घकाळ ती इराणी शाखेतील भाषा मानली जात होती. ‘जग’ या अर्थाचा ‘अश्खार्ह’ हा तिचा शब्द इराणीतून आलेला असून संस्कृत ‘क्षत्र’ हा त्याचा सगोत्र होय. १८७५ साली हाइन्रिख ह्यूब्शमान यांनी उसने आणि मूळचे असे दोन थर वेगळे केले, आणि ही भाषा इंडो-युरोपीय कुलाची एक स्वतंत्र शाखा ठरली. ‘येर्कु’, ‘हिंग’, ‘तास्न’ हे तिचे अंक ‘द्वौ’, ‘पञ्च’, ‘दश’ यांच्याशी नियमबद्ध ध्वनिपरिवर्तनाने जुळतात. ‘येर्कु’ आणि ‘द्वौ’ यांत कानाला साम्य जाणवत नाही, तरी नाते तेथेच आहे.

स्वाहिलीची गोष्ट याहून बोलकी आहे. अरबी शब्द तिने विपुल घेतले. ‘सिता’, ‘साबा’, ‘तिसा’ हे सहा, सात आणि नऊ या संख्यांचे वाचक शब्दही अरबी आहेत. परंतु अरबी ‘किताब’ हा शब्द स्वाहिलीत शिरताच त्याचे ‘किताबु’ झाले, आणि त्यातील ‘कि’ हा मूळ बांटू उपसर्ग समजला जाऊन अनेकवचन ‘विताबु’ असे सिद्ध झाले; ‘किती’ म्हणजे खुर्ची आणि ‘विती’ म्हणजे खुर्च्या, तसेच हे. शब्द परका, त्याला चालविणारे व्याकरण घरचे. दोन्ही उदाहरणांचा बोध एकच : शब्द प्रवास करतात, रचना घर धरून राहते.

हा बोध सार्वत्रिक मानावा काय? या प्रश्नाचे उत्तर शोधण्यास दूर जावे लागत नाही. सांगली-मिरजेजवळच्या कुपवाडविषयी जॉन गम्पर्झ आणि रॉबर्ट विल्सन यांचा निबंध १९७१ साली, डेल हाइम्स यांनी संपादित केलेल्या केंब्रिजच्या ग्रंथात प्रसिद्ध झाला. त्यात गावाचे नाव ‘कुपवार’ असे येते. जैन आणि लिंगायत कुटुंबांत कन्नड, मुसलमानांत उर्दू, दलित समाजात मराठी आणि दोर वळणाऱ्या थोड्या घरांत तेलुगू अशी तेथील वाटणी होती. एका समाजाची दुसऱ्याशी बोलण्याची भाषा बहुधा मराठी असे. कारण ती गावातील कोणत्याही वर्चस्व असलेल्या गटाची घरची भाषा नव्हती.

निबंधाचा सिद्धान्त स्वाहिलीच्या नेमका उलट आहे. येथे शब्द आपापल्या घरी राहिले आणि रचना एकमेकींकडे सरकली. प्रमाण मराठीत नदी ‘येते’ ती स्त्रीलिंगी. कुपवाडच्या मराठीत ‘नदी आलं’ आणि उर्दूत ‘नदी आया’. कन्नडात मनुष्येतर सर्व नामे नपुंसकलिंगी असतात. तोच हिशेब मराठीने आपल्या नपुंसकाने आणि उर्दूने आपल्या पुल्लिंगाने पुरा केला. उलट दिशेने, ‘हे तुमचे घर’ अशा वाक्यात क्रियापदाची गरज न मानणाऱ्या कन्नडाने मराठी ‘आहे’ च्या धर्तीवर क्रियापद जोडले. वाक्याचा साचा एक आणि त्यात बसविलेले शब्द मात्र तीन भाषांचे, असे हे चित्र आहे. कारणही मार्मिकपणे दिले आहे : शब्द हे जातीची आणि घराची खूण म्हणून जपले गेले, रोजच्या व्यवहाराच्या सोयीसाठी व्याकरण जुळवून घेतले गेले.

हे निरीक्षण मोलाचे आहे. मात्र त्यावर उभारलेला निष्कर्ष तितका निर्दोष नाही. तुलनेसाठी प्रमाण कन्नड, प्रमाण मराठी आणि प्रमाण हिंदी-उर्दू घेतल्या आहेत. कुपवाडचा मुसलमान लखनौची उर्दू सोडून तेथे आलेला नाही. त्याची बोली दखनीच्या परंपरेतील आहे, आणि दखनीवर दक्षिणेतील भाषांचा संस्कार शतकांचा आहे. उत्तर कर्नाटकातील कन्नड बोलीही ग्रांथिक कन्नडाहून पुष्कळ भिन्न आहे. तेव्हा एखादा विशेष कुपवाडच्या चावडीवर घडला की तो तेथे येण्यापूर्वीच रूढ होता, हे प्रमाणभाषेशी तुलना करून समजणार नाही. २०१६ साली सोनल कुलकर्णी-जोशी यांनी याच गावाचा पुनर्विचार करताना शब्दशः परस्परभाषांतरक्षमतेच्या या प्रतिमानाची चिकित्सा केली, ती आवश्यकच होती.

येथे सातारा जिल्ह्याचे महत्त्व ध्यानात येते. आजचा सांगली जिल्हा १९४९ साली ‘दक्षिण सातारा’ म्हणून वेगळा झाला आणि १९६० साली त्यास सांगली हे नाव मिळाले. वाई-कऱ्हाडकडील खेड्यांतील मराठीस कन्नडाचा असा घरोघरचा शेजार नाही. कुपवाडचा एखादा विशेष तेथेही आढळला, तर त्याचे कारण कुपवाडच्या चौभाषिकतेत शोधणे व्यर्थ होय. न आढळला, तर गम्पर्झ-विल्सन यांचा पक्ष बळावेल. सांगली-कोल्हापूरकडील स्त्रिया ‘मी येतो’, ‘मी जातो’ असे म्हणतात. कन्नड क्रियापदातही प्रथमपुरुषी लिंगभेद नाही. परंतु ही लकब एका गावापुरती नसून मोठ्या टापूची आहे, आणि तिची उत्तरेकडील सीमा गावोगाव तपासल्याखेरीज तिला कन्नडाचे ऋण म्हणता येणार नाही.

हा वाद व्याकरणापुरता नाही. शं. बा. जोशी यांनी १९५२ साली ‘मर्‍हाठी संस्कृती’ या ग्रंथात स्थलनामे आणि शब्द यांच्या आधारे महाराष्ट्राचा कानडी पाया प्रतिपादिला. १९५६ च्या राज्यपुनर्रचनेनंतर तर सीमाभागातील प्रत्येक शब्द हा मालकीचा पुरावा होऊन बसला. आर्मेनियन व स्वाहिली सांगतात की, शब्दांवरून गोत्र ठरत नाही. कुपवाड सांगते की, वाक्यरचनेवरूनही ते निःशंकपणे ठरत नाही. नाते सिद्ध करण्यास नियमबद्ध ध्वनिपरिवर्तन आणि मूळ रूपावली यांची साक्ष लागते. बाकी सर्व सहवासाचा इतिहास आहे.

तो इतिहासही कमी मोलाचा नाही. पण त्याची साधने झपाट्याने सरत आहेत. कुपवाड १९९८ पासून महानगरपालिकेचा भाग आहे. औद्योगिक वसाहत, शाळा आणि बाहेरून आलेली वस्ती यांनी जुन्या वाटणीचा आधारच बदलला आहे. सातारा आणि सांगली येथील बोलींचे समांतर संकलन आता न झाल्यास, पुढील अभ्यासकास सिद्धान्त उपलब्ध होईल. तो पडताळून पाहण्याची बोली मात्र उरलेली नसेल.