अमेरिकेंतील नागरिकत्वपत्रें व कुलशोध : एक साधनचिकित्सा

अमेरिकेंत स्थायिक झालेल्या यूरोपीय कुळांचे वंशज आपले मूळपुरुष शोधूं लागले, म्हणजे घरच्या पेटींतील जुनें नागरिकत्वपत्र प्रथम पुढें करतात, व त्यावरील देशाचें नांव हेंच आपलें मूलस्थान म्हणून वंशावळींत लिहून मोकळे होतात. शिक्क्याचा अस्सल कागद असल्यानें शंकेचें कारण त्यांस दिसत नाहीं. आमच्या मतें ही पद्धति सदोष आहे. कागद अस्सल असणें निराळें, व आपल्या प्रश्नाचा तो पुरावा असणें निराळें.

१७९० च्या कायद्यापासून परकीयास नागरिक करून घेण्याचा अधिकार न्यायालयांस होता. २७ सप्टेंबर १९०६ पर्यंत तो संघराज्याच्या, प्रांताच्या, फार काय जिल्ह्याच्याही न्यायालयांत चाले. नमुना ज्याचा त्याचा. अर्जदारानें पूर्वीच्या राजाची निष्ठा सोडल्याची शपथ घ्यावयाची. यामुळें कारकून बहुधा राजाचें किंवा देशाचें नांव तेवढें लिही. गांव लिहिण्याचें त्यास प्रयोजन नसे. कॉर्कचा आयरिश व लंडनचा इंग्रज दोघेही व्हिक्टोरिया राणीचे. क्राकोचा पोल व व्हिएन्नाचा जर्मन दोघेही ऑस्ट्रियाच्या बादशहाचे. पत्रांत 'ऑस्ट्रिया' दिसतांच कुळ जर्मन ठरविणें म्हणजे पेशव्यांच्या अमलांतील प्रत्येक रयतेस कोंकणस्थ म्हणण्यासारखें आहे.

दुसरी चूक इरादापत्राची. नागरिक होऊं इच्छिणारा आधीं इरादापत्र करी; पुढें पांच वर्षांचें वास्तव्य भरल्यावर अर्ज, व मग प्रमाणपत्र. घरांत पुष्कळदां सांपडतें तें इरादापत्रच. १८६२ च्या होमस्टेड कायद्यान्वयें सरकारी जमिनीची मागणी नोंदविण्यास तेवढें पुरे होई. पुढील टप्पा न गाठतां वारलेले कित्येक पुरुष वंशजांनीं नागरिक ठरविले आहेत! १९००, १९१० व १९२० च्या खानेसुमारींत नागरिक, इरादापत्रवाला व परकीय यांस निरनिराळीं संक्षिप्त अक्षरें योजिलीं आहेत. तीं ताडून पाहावींत.

१९०६ नंतर नमुना एक झाला व प्रती वॉशिंग्टनला जाऊं लागल्या. जन्मस्थान, जहाज, बंदर, उतरल्याची तारीख हा सर्व तपशील मिळतो, पण तो इरादापत्रांत व अर्जांत. चौकटींत लावलेल्या प्रमाणपत्रांत जन्मगांव नसतें. त्यासाठीं दप्तरांतील अर्जच काढविला पाहिजे. तोही आमच्याकडील करीन्याच्या जातीचा : सांगणारा स्वतः हितसंबंधी. २९ जून १९०६ नंतर उतरलेल्यांची तारीख जहाजाच्या यादीशीं ताडली जाई. पूर्वींच्यांची बहुधा आठवणच.

कागद नाहीं म्हणून नागरिकत्व नव्हतें, असेंही म्हणूं नये. १८५५ पासून १९२२ पर्यंत पत्नी बहुधा पतीबरोबरच नागरिक होई. तिचा निराळा कागद शोधणें व्यर्थ. शिवाय दिलेलें पत्र परतही घेतलें जाई. १९२३ मध्यें भगतसिंग थिंद यांच्या खटल्यांत हिंदी मनुष्य कायद्यांतील 'गोरा' नव्हे असा निर्णय झाला, व कित्येक हिंदी लोकांचीं पत्रें रद्द झालीं. थिंद यांचे वकील सखाराम गणेश पंडित यांचें १९१४ चें नागरिकत्व मात्र अपील न्यायालयानें १९२६ मध्यें कायम ठेविलें. (नांवावरून त्यांस मराठी ठरविण्याचा मोह आम्हांसही होतो, पण वर ज्या अनुमानास दोष दिला, त्याचाच हा भाऊ.) अशा कुळांच्या घरीं पत्र न मिळाल्यास रद्दबातलीचे कागद न्यायालयाच्या दप्तरांत आधीं पाहावे.