मोत्यांच्या माळेतली मुलगी

लंडनच्या 'टॅटलर', 'स्केच' अशा बड्या घरांच्या सचित्र साप्ताहिकांना पोकळ म्हणून बाजूला सारणं सोपं आहे. मला ते पटत नाही. १८४२ मध्ये निघालेलं 'इलस्ट्रेटेड लंडन न्यूज' चित्रं छापायचं ती लाकडावर कोरून. पुढे मजकुराशेजारी फोटोच छापता येऊ लागला, आणि क्लेमंट शॉर्टर या संपादकानं १८९३ मध्ये 'स्केच', १९०१ मध्ये 'टॅटलर' सुरू केलं. नट्या आणि सरदारांच्या लेकी एकाच अंकात! ज्या घराची पायरी आपण कधी चढणार नाही, तिथला दिवाणखाना निवांत न्याहाळायचा, वर नावंही ठेवायची. बायकांना यात गोडी वाटली तर नवल कसलं?

माझं भांडण आहे फोटोखालच्या ओळीशी. 'कंट्री लाइफ'च्या सुरुवातीच्या पानावर तरुण मुलीचा फोटो द्यायची जुनी प्रथा. गळ्यात बहुधा मोती. खाली काय? कोणाची कन्या, कोणाशी लग्न ठरलंय. लग्न झालेली असली की पुष्कळदा 'मिसेस' लावून नवऱ्याचंच आख्खं नाव. (आपल्या लग्नाच्या आल्बमातही 'अमक्यांची सून'च असते म्हणा.) नटीला त्या घरांत मान कमी, पण पानावर नाव तिचं स्वतःचं, ते तिनं कमावलेलं.

१९५८ मध्ये राणीपुढे मुलींना सादर करण्याची चाल बंद झाली, १९५९ मध्ये 'स्केच'ही. 'कंट्री लाइफ'मधली मुलगी अजून आहे. हल्ली तिचं शिक्षण, कामधंदा लिहितात. मी मात्र आधी मोतीच बघते.