रंग नाण्याचा की दिव्याचा?

काही वर्षांपूर्वी एका टिपणात मी एक सातवाहन नाणे ‘तांब्याचे’ म्हणून नोंदवले. आधार होता एका सूचीतले रंगीत छायाचित्र. पुढे ते नाणे प्रत्यक्ष हाताळायचा योग आला. खिडकीच्या उजेडात ते करड्या रंगाचे दिसले. नाणे पोटीनचे, म्हणजे तांबे, कथील आणि शिसे यांच्या मिश्रधातूचे होते. छायाचित्र पिवळ्या बल्बखाली काढलेले होते. चूक माझीच, पण तशी चूक करायला लावणारी छायाचित्रे आजही सर्रास छापली जातात, म्हणून हे लिहितो.

१९०८ साली रॅप्सनची आंध्र आणि क्षत्रप नाण्यांची सूची निघाली. त्या काळी मोठ्या संग्रहालयांच्या सूच्यांत नाण्यांचे प्लास्टरचे ठसे घेऊन त्यांची छायाचित्रे छापत. त्यात रंग नसे, चकाकीही नसे. अक्षरे मात्र स्वच्छ वाचता येत. ती छायाचित्रे धातूबद्दल काही सांगत नसत, म्हणून फसवतही नसत. आजचे रंगीत छायाचित्र बोलके आहे, पण त्याची साक्ष कोणी तपासत नाही.

धातूचा पृष्ठभाग काही अंशी आरसा असतो. घासूनपुसून लख्ख केलेला चांदीचा रुपया समोरची भिंत, छत, छायाचित्रकाराचा सदरासुद्धा अंगावर घेतो. बल्बचा प्रकाश साधारण २,७०० केल्विनचा, दुपारच्या उन्हाचा सुमारे ५,५०० केल्विनचा. दोन्ही एकाच वेळी नाण्यावर पडले, तर कॅमेऱ्यातली कोणतीही एक दुरुस्ती दोघांना पुरत नाही. लाल मखमलीवर नाणे ठेवले की स्वयंचलित कॅमेरा तो लाल रंग कमी करू पाहतो आणि नाण्यावर निळसर-हिरवट झाक चढते. वाचक तिला जुने पुट समजतो.

घरच्या एका शिवराईवर मी प्रयोग केला. तिरप्या प्रकाशात ‘श्री राजा शिव’ ही अक्षरे उठून आली, पण सपाट भाग काळवंडला. नाण्यासमोर ४५ अंशांत काच धरून प्रकाश सरळ खाली पाडला, तेव्हा तोच सपाट भाग तांबूस उजळला आणि कोणीतरी घासल्याचे बारीक ओरखडे दिसले. नाणे एकच, एका चित्रात ते अस्सल जुने, दुसऱ्यात नुकतेच साफ केलेले. दोन्ही चित्रे खरी, पण एकच छापले तर ती अर्धी साक्ष.

आपल्या सूच्या वजन आणि व्यास न चुकता देतात. छायाचित्राखाली प्रकाश कोणता, कोणत्या कोनातून, करड्या पट्टीवरून रंग जुळवला का, एवढी एक ओळ द्यायला काय हरकत आहे? ती ओळ नसेल तर छायाचित्रावरून लेख वाचावा, धातू ठरवू नये. माझे ते टिपण मी दुरुस्त केले. पण त्याच्या आधारे पुढे कोणी काही लिहिले असेल, तर ते दुरुस्त करणे माझ्या हाती नाही.